हडपसर नावाचं बेट

सोमवार, १२ नोव्हेंबर २००७

आजपासून मी लिंडा आहे. वय एक्केचाळीस, नवऱ्याचं नाव बॉब, मुलं दोन. आम्ही घर विकून अडतीस फुटी शिडाची बोट घेतली आणि आता कॅरिबियन समुद्रात बोटीवरच राहतो. नाताळची सुट्टीही बोटीवरच काढणार आहोत.

हे मला निकिता मॅडमनी सकाळी साडेदहाला सांगितलं. आमची कंपनी परदेशी वेबसाइटना मजकूर लिहून देते. ऑफिस शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली दातांचा दवाखाना. बोटी भाड्याने देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला नव्या वर्षापर्यंत रोज बोटीवर राहणाऱ्या बाईची डायरी हवी आहे. ती वाचून लोकांना सुट्टीत बोट भाड्याने घ्यावीशी वाटली पाहिजे.

"समुद्र पाहिलाय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"उत्तम. म्हणजे तक्रार नसेल."

मी विचारलं, लिंडा खरी आहे का? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इंग्रजी घेऊन बी. ए. केलंत ना? तीन वर्षं ज्यांच्याबद्दल वाचलंत ती माणसं खरी होती?"

यावर मी बराच विचार केला. कादंबरीतली माणसं खरी नसतात, पण कादंबरीवर तसं लिहिलेलं असतं. हे उत्तर मला हडपसरच्या बसमध्ये सुचलं.

एकतीस डिसेंबरला माझे सहा महिने पूर्ण होतात. मग कायम करतात, किंवा करत नाहीत. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. जानेवारीत चैताली परमनंट होणार, असं आईने गल्लीत आत्ताच सांगून टाकलं आहे.

मी ठरवलं आहे की हे काम प्रामाणिकपणे करायचं. नाव, वय, नवरा, मुलं, बोट आणि समुद्र एवढं सोडून एकही गोष्ट खोटी लिहायची नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर

बोटीवरच्या राहणीचा दोन दिवस अभ्यास केला. जागा फार कमी असते. जेवायचं टेबल खाली केलं की त्याचाच पलंग होतो. कुणी झोपलेलं असेल तर स्वयंपाक करता येत नाही. शेगडीला दोन बर्नर. पिण्याचं पाणी टाकीत भरून ठेवलेलं, ते संपलं की संपलं. एकाला कपडे बदलायचे असले की बाकीचे बाहेर जातात.

अमेरिकन माणसाला हे सगळं किती जड जात असेल.

लिंडाच्या पहिल्या पानात मी पाण्याविषयी लिहिलं. तांदूळ धुतलेलं पाणी ठेवायचं, त्यात भांड्यांचा पहिला हात मारायचा, तेच पुढे संडासला वापरायचं. अंघोळीला एक बादली आणि त्यातलं तांब्याभर परत करायचं. मॅडमनी वाचलं आणि चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे कुठून मिळालं?"

"कल्पनेतून, मॅडम."

शेजारी समाधान बसतो. तो अकोल्याचा. सकाळी तो टेक्सासमधला दातांचा डॉक्टर असतो आणि दुपारनंतर ओहायोतली गरोदर बाई. आज मला म्हणाला, "चैताली, मले सातवा महिना लागला. काय खाऊ?" मी म्हटलं, माहीत नाही, आईला विचारून सांगते. तो माझ्यासाठीही चहा घेऊन आला होता. त्याला काम कमी असावं.

शनिवार, २४ नोव्हेंबर

लिंडा लोकांना आवडते आहे. रोज पानाखाली अभिप्राय येतात. एका बाईने लिहिलं की बोटीवर राहणाऱ्या पुष्कळ लोकांचं वाचलं, पण ही पहिलीच, जिच्या घरात खरोखर माणसं राहतात असं वाटतं.

सर्वांत जास्त अभिप्राय सासूच्या पानाला आले. लिंडाची सासू बोटीवर राहायला येते. तिचे गुडघे दुखतात. मग बॉब दाराच्या चौकटीला जाड दोर बांधून त्याला तीन गाठी मारतो. पायऱ्या चढताना सासू एकेक गाठ धरते, पायरीवर बसते, वळते आणि पुढची धरते.

मॅडमनी हे सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. मला बरं वाटलं. घरी येऊन आत्याला सांगणार होते, पण सुंदराआत्या दोर धरून मोरीतून वर येत होती, तेव्हा मध्ये बोलून तिचं लक्ष विचलित करणं बरोबर नव्हतं. आत्या गुडघ्यांच्या औषधासाठी दिवाळीपासून आमच्याकडे आहे. आता आम्ही पाच जण.

शनिवार, १ डिसेंबर

काल कॅरिबियनमधला वादळांचा हंगाम संपला. तीस नोव्हेंबर ही ठरलेली तारीख आहे, मी तीन वेबसाइटवर पडताळून पाहिली. पाऊसकाळ संपला की वारा पडतो, हे वेगळं शोधायची गरज नव्हती.

आज सकाळी दारात चहा पीत बसले होते. कपातली वाफ सरळ वर जात होती. तेच लिहिलं. डिसेंबरात समुद्र झोपलेला असतो. चहाची वाफसुद्धा वाकत नाही. वयस्कर माणसांनी बोटीवर यावं तर याच महिन्यात. आम्ही बेटाच्या पूर्वेकडच्या खाडीत नांगर टाकला आहे, कारण दार पूर्वेला असलं की सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं आणि दिवा लावावा लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, "ओव्हाळ, तुम्ही वाया गेला नाहीत." त्यांच्याकडून हे फार आहे.

गुरुवार, ६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन मग ऑफिसला गेले. आमचे कॉलेजातले सर सांगायचे, एक ओळ लिहायच्या आधी बाबासाहेब किती पुस्तकं वाचत. मी तीन वेबसाइट पाहिल्या होत्या. मनाला उगाचच लागून राहिलं.

मंगळवार, ११ डिसेंबर

आज लिंडाला वॉल्टर नावाच्या माणसाचा अभिप्राय आला. वय एकाहत्तर. जन्मभर शाळेची बस चालवली. बायकोचं नाव डोरिस. यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. समुद्रावर जायचं डोरिसच्या मनात पहिल्यापासून होतं, पण आधी मुलं होती आणि मग गुडघे. सासूचं पान वाचून ती म्हणाली की जमेल. वाफेचं पान वाचून वॉल्टर म्हणाला, चल.

त्यांनी बोट भाड्याने घेतली आहे. सोबत नावाडी नाही, दोघंच. वॉल्टरला तळ्यात शिडाची बोट चालवायची सवय आहे. बावीस डिसेंबरला पहाटेच्या विमानाने जाऊन ते बोट ताब्यात घेणार आणि चोवीसला सरळ आमच्या खाडीत येणार. शेवटी लिहिलं आहे, 'केक घेऊन येणारी दोन म्हातारी माणसं दिसली की हात करा.'

डायरीमुळे झालेलं हे पहिलं बुकिंग. मॅडमनी सगळ्यांना सामोसे मागवले. मी दोन खाल्ले.

नंतर मॅडमना विचारलं, ते खाडीत येतील आणि लिंडा नसेल, मग काय?

"लिंडाला माहेरी पाठवा," मॅडम म्हणाल्या. "नाताळात बायका जातात माहेरी."

शुक्रवार, १४ डिसेंबर

सकाळी एक अभिप्राय होता. कुणीतरी लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही इथे एक तरी डिसेंबर काढला आहे का?' डबा खाऊन आले तर तो पानावरून काढून टाकलेला होता.

मला ते अपमानास्पद वाटलं. त्याला पुराव्यानिशी उत्तर द्यावं म्हणून मी डिसेंबरातला वारा शोधायला बसले.

तिथे डिसेंबरातल्या वाऱ्याला वेगळं नावच आहे. नाताळचे वारे म्हणतात. डिसेंबरच्या मध्यापासून ते जानेवारीपर्यंत कधीही सुटतात आणि सुटले की चार-चार पाच-पाच दिवस थांबत नाहीत. ताशी पन्नास किलोमीटर. पुण्यात असा वारा मे महिन्यात अर्धा तास सुटतो आणि पत्रे उडतात. हे वारे पूर्वेकडून येतात. त्या दिवसांत पूर्वेला उघड्या असलेल्या खाडीत नांगर टाकू नये, असं सगळीकडे लिहिलं आहे.

मी पाऊस शोधला होता. वारा शोधलाच नव्हता. तिथे पाऊस संपला की वारा सुरू होतो.

समाधान चहा घेऊन आला. मी म्हटलं, मला नको. तो दोन्ही कप घेऊन तसाच उभा राहिला. शेवटी मी त्याला सगळं सांगितलं.

शनिवार, १५ डिसेंबर

मॅडमना सांगितलं.

"तुम्ही हवामान खात्यात आहात का?"

"नाही, मॅडम."

"मग?"

मी म्हटलं, चूक माझी आहे, एक पान दुरुस्तीचं टाकू या. मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्या रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "हे बघा. ते लोक बोटी भाड्याने देतात. ऐन सुट्टीत लिंडा म्हणणार, वारा आहे, येऊ नका. मग ते म्हणणार, पुण्याची कंपनी नको. इथे सतरा माणसं काम करतात, ओव्हाळ. आणि बोट देणारे तिथे धक्क्यावरच असतात. वारा असला तर तेच सांगतील ना त्यांना."

हे मला पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, १७ डिसेंबर

समाधानला मॅडमचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "ज्यायनं आपल्याले शांत समुद्र लिहाले सांगतला, तेच त्यायले वारा सांगतीन?"

मी हवामानाचा अंदाज पुन्हा उघडला. तो गरोदर बाईचं पान लिहायला लागला. तिला आठवा लागला आहे.

मंगळवार, १८ डिसेंबर

आज ऑफिसातून लवकर आले, कारण पप्पांना बोर्ड लिहून हवा होता.

पप्पा महानगरपालिकेत वॉल्व्हमन आहेत. आमच्या भागातल्या चारशे घरांच्या पाण्याची चावी ते फिरवतात. कधी पाणी येणार नसलं की रेशन दुकानाशेजारच्या फळ्यावर सूचना लिहायची असते. पप्पांचं अक्षर त्यांना स्वतःला आवडत नाही, म्हणून पाचवीपासून हा फळा मी लिहिते. सूचना लिहायची पद्धतही त्यांनीच शिकवली. काय होणार, कधी होणार, लोकांनी काय करायचं आणि खाली नाव. एवढंच. फुलं-पानं काढायची नाहीत.

मोठी पाइप फुटली आहे. उद्यापासून दोन दिवस पाणी नाही. साहेबांचं म्हणणं, आधी कुणाला सांगू नका, लोक हंडे घेऊन कार्यालयावर येतात. उद्या नळ कोरडे दिसले की कळेलच.

पप्पांनी मला खडू दिला.

"पप्पा, साहेबांनी नको म्हटलंय ना?"

"म्हटलंय."

"मग मेमो येईल."

"यील की. मेमो कागदाचा असतोय." ते सायकलला हवा भरत होते. "आगं, उद्या पहाटं चारशे बाया नळाखाली हंडा लावून बसतील. कुणाच्या भरवशावर? चावी माझ्या हातात हाय. सायबाला न्हाय त्या वळखत."

मी लिहिलं. नाव टाकायला विसरले होते. त्यांनी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नाव टाक. लोकांना शिव्या कुणाला द्यायच्या ते कळाया पायजे." मग ते सायकल घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत गेले, "आजच भरून घ्या हो."

पप्पांना सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतरही कार्यालयीन पद्धत समजलेली नाही. माझ्या मते त्यांनी साहेबांना आधी लेखी अर्ज द्यायला हवा होता.

बुधवार, १९ डिसेंबर

मॅडमना लेखी अर्ज दिला. विषय : लिंडाच्या डायरीतील वाऱ्याबाबत. तीन मुद्दे मांडले आणि हवामानाचा अंदाज जोडला. अंदाज असा की बावीसपासून जोराचा वारा सुटेल आणि सव्वीसपर्यंत राहील.

मॅडमनी अर्ज घेतला. दुपारी पाहिला तेव्हा त्यावर चहाचा कप ठेवलेला होता. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "वाचकांशी स्वतःच्या नावाने संपर्क करायचा नाही, हे तुमच्या नेमणूकपत्रात आहे. एकतीस तारीख जवळ आली आहे. तेवढं बघा."

घरी पाणी नव्हतं, पण सगळी पिंपं भरलेली होती. सगळ्या गल्लीत भरलेली होती. कार्यालयावर कुणीही गेलं नाही. पप्पांना मेमो मिळाला. त्यांनी तो मला वाचायला दिला आणि जेवायला बसले.

गुरुवार, २० डिसेंबर

मंजूर झालेला मजकूर वेबसाइटवर चढवायचं काम माझंच असतं. आजचा मंजूर मजकूर नाताळच्या झाडाविषयी होता.

एक वाजता मॅडम खाली दातांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांची दाढ ठणकत होती. मी मंजूर मजकूर बाजूला ठेवला आणि इंग्रजीत हे लिहिलं :

'सूचना. २२ ते २६ डिसेंबर या भागात पूर्वेकडून जोराचा वारा राहील. पूर्वेच्या खाडीत नांगर टाकू नये. बेटाच्या पश्चिमेला आडोशाला थांबावं. पाणी आधीच भरून ठेवावं. गुडघे दुखणाऱ्यांनी डेकवर जाऊ नये, दाराला गाठींचा दोर बांधून घ्यावा. डिसेंबरात समुद्र शांत असतो असं मी आधी लिहिलं, ते चूक आहे. मी न बघता लिहिलं. चैताली कोंडीराम ओव्हाळ, हडपसर.'

समाधान मागे उभा राहून वाचत होता. मला वाटलं, तो मला अडवेल.

"खाली तारीख टाक," तो म्हणाला.

तारीख टाकली. सूचना चढवली. मग खरं तर मला कुणीतरी जवळ असायला हवं होतं, पण समाधान लगेच उठून खाली दवाखान्यात गेला. म्हणे टेक्सासच्या डॉक्टरला एक शंका विचारायची आहे. त्याला वेळकाळ कळत नाही. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "मॅडमले डॉक्टरनं बोलू नका, स्क्रीनकडे पाहू नका आन् सरळ घरी जाऊन पडा, असं सांगतलं." मॅडम परस्पर घरी गेल्या. हे डॉक्टर इतकी काळजी घेत असतील असं वाटलं नव्हतं.

अमेरिकेत सकाळ होईपर्यंत सूचना तिथेच होती.

शुक्रवार, २१ डिसेंबर

सकाळी सूचना नव्हती. तिच्या जागी नाताळचं झाड होतं.

मॅडमचा एक गाल सुजलेला होता, म्हणून त्या कमी बोलल्या.

"ओव्हाळ, हे हडपसर कुठल्या समुद्रात येतं?"

"कालव्याच्या काठी, मॅडम."

"आणि तुम्ही कोण? वॉल्टरची मुलगी?"

मी म्हटलं, "त्यांना मी बोलावलं होतं, मॅडम."

मॅडमनी गालावर हात धरला. म्हणाल्या, "लिहिता चांगलं. हेच वाईट आहे." एकतीसला माझा करार संपतो. तोवर यायची गरज नाही. लिंडा आता समाधान लिहील.

वॉल्टरने सूचना वाचली की नाही, हे कळायला मार्ग नाही. अभिप्राय आलेला नाही. त्यांचं विमान उद्या पहाटेचं आहे.

शनिवार, २२ डिसेंबर

घरी सांगितलं. मी मनात सगळी भाषणं तयार ठेवली होती. पदवीचा उपयोग, तत्त्व, वगैरे.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या म्हातारीचे गुडघे कसे हायेत?"

म्हटलं, माहीत नाही.

पप्पांनी विचारलं, "खाली नाव टाकलं हुतंस?"

"हो."

"मग झालं."

भाषणं करायची राहूनच गेली. संध्याकाळी पाणी भरताना बायांनी आईला विचारलं, चैताली आज घरी कशी? जानेवारीत परमनंट व्हायची होती ना? आई म्हणाली, "माझी पोरगी बोर्ड लिहिती." आईला कधीकधी मुद्दा नीट समजत नाही.

मंगळवार, २५ डिसेंबर

सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. अंदाज खरा ठरला. वारा बावीसपासूनच सुरू आहे, ताशी बावन्न किलोमीटरपर्यंत जातो आहे. आमच्या दारात चहाची वाफ सरळ वर जाते. ती बघवत नाही, म्हणून चहा आत बसून प्यायले.

वॉल्टरचा अभिप्राय नाही. म्हणजे त्याने वाचलं असेल आणि तो सुरक्षित असेल, किंवा वाचलं नसेल. दोन्हींत अभिप्राय येत नाही.

समाधानची लिंडा वाचली. ती दात घासण्याविषयी फार लिहिते आणि तिला सारखं आंबट खावंसं वाटतं. पण कालच्या पानावर तिने मध्येच एक ओळ टाकली आहे, की बॉबने बोट पश्चिमेच्या आडोशाला आणली आणि जिला जिला गुडघे आहेत तिने तसंच करावं. हे मॅडमच्या नजरेतून कसं सुटलं?

संध्याकाळी समाधान घरी आला होता. त्याचं हडपसरला काहीतरी काम होतं. आईने त्याला जेवू घातलं.

शुक्रवार, २८ डिसेंबर

काही नाही. समाधान आला होता. त्याचं पुन्हा काम निघालं.

मंगळवार, १ जानेवारी २००८

दरवर्षीप्रमाणे सगळे कोरेगावला जाऊन आलो. वाघोलीच्या पुढे गाड्यांची रांग लागली होती, दोन तास एका जागी. आत्या टेम्पोतून उतरताना माझा हात धरून उतरली. म्हणाली, "दोर आणाया पायजे हुता." मला डोरिसची आठवण झाली. त्या बाईला मी बघितलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही. पण ती कशी पायरीवर बसेल, कशी वळेल, हे मला दिसत राहतं.

आजपासून मी नोकरीत नाही. वाईट त्याचं वाटायला हवं. त्याला सवड मिळत नाही.

गुरुवार, ३ जानेवारी

समाधान दुपारीच आला. कामाचं काही बोलला नाही. घामाघूम झाला होता. खिशातून छापलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. लिंडाच्या पानावर आलेला अभिप्राय होता. मॅडमनी तो पाहिला, छापला आणि समाधानला म्हणाल्या, "हे ज्यांच्या नावाचं आहे त्यांना देऊन या. ऑफिसच्या वेळात गेलात तरी चालेल."

मी मोठ्याने मराठी करत वाचलं. आई, पप्पा, आत्या आणि भाग्यश्री भोवती बसले होते. भाग्यश्री, माझी धाकटी बहीण, बारावीत आहे. तिने अभ्यासाचं पुस्तक मिटलं होतं, तरी आज तिला कुणी रागावलं नाही.

'प्रिय चैताली,

तुमची सूचना आम्ही निघायच्या दोन दिवस आधी नाश्त्याला वाचली. डोरिसने ती लगेच कागदावर उतरवून घेतली. बरं झालं, कारण विमानतळावर मी पुन्हा बघायला गेलो तर ती नाहीशी झाली होती. बोट देणारा माणूस म्हणाला, वाऱ्याचं काही मनावर घेऊ नका, नेहमीचंच आहे. डोरिसने त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, हे कुणी लिहिलं? डोरिस म्हणाली, खाली नाव आहे.

तू लाख सांग, मी पूर्वेला जाणार नाही, असं ती त्याला म्हणाली. पन्नास वर्षांत मला ती असं बऱ्याचदा म्हणाली आहे. आम्ही पश्चिमेला थांबलो. चार दिवस बोट हलली, पण जागची गेली नाही. पूर्वेच्या त्या खाडीत चोवीस तारखेला दोन बोटी नांगरासकट ओढल्या जाऊन खडकाला लागल्या. माणसं वाचली, एकाचा हात मोडला. तो पस्तिशीचा होता. आम्ही नाही.

दोर मी तीन गाठींचा बांधला. डोरिस म्हणते, चौथी गाठ हवी. केक आम्हीच संपवला.

परत येताना आम्ही नकाशावर हडपसर शोधलं. सगळी बेटं पाहिली, फ्रेंच लोकांची आणि डच लोकांचीसुद्धा. सापडलं नाही. धक्क्यावर विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. डोरिसचं मत असं की बेट फार लहान असणार, म्हणूनच तुम्हाला पाणी इतकं जपावं लागतं. तुम्ही तिथे किती जण राहता? डिसेंबरात वारा कसा असतो? जमलं तर कळवा. खाली आमचा पत्ता आहे.

वॉल्टर आणि डोरिस.'

मी कागद खाली ठेवला. मग आत्या म्हणाली, "चार गाठींचं ती म्हातारी बरोबर सांगती. मी कवाची म्हणतीया." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पर आपल्या दोराचं तिला कुणी सांगितलं?"

"मी, आत्या. ते मी कल्पनेतून लिहिलं होतं."

आत्याने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोर तिथेच होता, काळा पडलेला, तीन गाठींचा. त्याच्यामागे दुमडून ठेवलेली अंथरुणं, दोन बर्नरची शेगडी, तांदळाच्या पाण्याचं पातेलं. मी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. समाधान माझ्याकडे बघत होता आणि हसू दाबत होता. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे विचारावंसं वाटलं नाही, कारण मला आधी उत्तर लिहायचं होतं.

पप्पांनी उठून दोराला चौथी गाठ मारली.

उत्तराचा मसुदा इथेच लिहून ठेवते. इंग्रजी उद्या करीन.

'प्रिय वॉल्टर आणि डोरिस,

हडपसर बेट नाही. इथे समुद्रही नाही. लिंडा नाही, बॉब नाही आणि बोटही नाही. याबद्दल माफी मागते. डिसेंबरात इथे वारा नसतो, चहाची वाफ सरळ वर जाते. हे मी स्वतः पाहिलं आहे. आम्ही पाच जण राहतो. पाणी एक दिवसाआड येतं. दोर खरा आहे. आजपासून त्याला चार गाठी आहेत.

चैताली कोंडीराम ओव्हाळ, हडपसर, पुणे.'

सगळ्यांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, केक कशाचा होता ते विचार. पप्पा म्हणाले, ठीक हाय, फुलं-पानं न्हाईत.

समाधान म्हणाला, "खाली तारीख टाक."

टाकली.